व्यक्ती तितक्या प्रकृती, मग प्रकार सोळाच कसे?

पारिजातक

नमस्कार मंडळी. मी एका महाविद्यालयात समुपदेशक म्हणून काम करते. हल्ली मुलं माझ्याकडे येतात तेव्हा स्वतःबद्दलचा निकाल बरोबर घेऊनच येतात. "मॅडम, मी आयएनएफपी आहे, मला मुलाखती जमणारच नाहीत." "आमचं पटणं शक्यच नाही, तो ईएसटीजे आहे." एमबीटीआयसारख्या स्वभावचाचणीतून मोबाईलवर काही मिनिटांत मिळालेली चार अक्षरं (चार जोड्यांतून प्रत्येकी एक, म्हणून प्रकार सोळा), आणि त्यावरून शाखा, नोकरी, अगदी जोडीदारसुद्धा ठरायला लागलाय. या चाचण्या टाकाऊ आहेत असं मी म्हणणार नाही. पण त्यांना दिलं जाणारं वजन मला काळजीत टाकतं, म्हणून हा धागा.

आधी मूळ पाहू. स्विस मनोचिकित्सक कार्ल युंग यांचा स्वभावप्रकारांवरचा जर्मन ग्रंथ १९२१ मध्ये आला. फ्रॉइड आणि ॲडलर हे दोघं एकाच आजाराकडे पाहून इतकी वेगळी उत्तरं का देतात, हा प्रश्न त्यांच्या विचाराच्या मुळाशी होता. कुणाच्या मनाची ओढ बाहेरच्या माणसांकडे आणि वस्तूंकडे, कुणाची स्वतःच्या आत, असं त्यांनी मांडलं. अंतर्मुख-बहिर्मुख ही जोडी तिथून जगभर गेली. तिच्या जोडीला विचार, भावना, संवेदना आणि अंतःप्रेरणा अशा मनाच्या चार क्रिया त्यांनी सांगितल्या. एक गोष्ट मात्र युंग यांचं नाव घेणारे विसरतात. धड इकडचे नाहीत आणि धड तिकडचे नाहीत, अशाच माणसांचा गट सर्वांत मोठा असतो, हे त्यांनीच लिहून ठेवलंय.

अमेरिकेत कॅथरिन ब्रिग्ज या गृहिणी चरित्रं वाचून आपल्या परीनं माणसांचे प्रकार पाडत होत्या. त्यांची मुलगी इझाबेल हिनं निवडलेला मुलगा, क्लॅरेन्स मायर्स, घरच्यांपेक्षा अगदी निराळ्या स्वभावाचा होता, आणि त्याला समजून घेताना हा नाद वाढला. १९२३ मध्ये युंग यांचा ग्रंथ इंग्रजीत आला आणि कॅथरिनबाईंनी त्यांचीच चौकट स्वीकारली. पुढे दुसऱ्या महायुद्धात बायका मोठ्या संख्येनं कारखान्यांत जाऊ लागल्या, तेव्हा कोणाला कोणतं काम मानवेल हे कळावं म्हणून इझाबेल मायर्स यांनी प्रश्नावली तयार करायला घेतली. त्यातूनच आजची एमबीटीआय उभी राहिली. दोघींपैकी कोणीही मानसशास्त्र रीतसर शिकलेलं नव्हतं, पण मेहनत अफाट होती आणि हेतू चांगला होता. एकही प्रकार वाईट नाही, यावर इझाबेल ठाम होत्या. माझ्या मते या चाचणीच्या लोकप्रियतेचं खरं कारण हेच आहे. शाळेपासून "घुमी" म्हणून हिणवल्या गेलेल्या मुलीला पहिल्यांदा कुणीतरी सांगतं की तुझ्यात बिघाड काहीच नाही. तिला वाटणारा तो सुटकारा मी डोळ्यांनी पाहिलाय, आणि तो मला मोलाचा वाटतो.

अडचण पुढे येते. ही मुलगी वर्गात बोलत का नाही? अंतर्मुख आहे म्हणून. अंतर्मुख कशावरून? बोलत नाही यावरून. आपण वर्तुळात फिरलो, हाती कारण काहीच लागलं नाही. प्रकाराचं नाव हे वर्णन असतं, आणि आपण त्याला कारण समजून बसतो. एकदा कारण सापडल्यासारखं वाटलं की पुढचे प्रश्न कोणी विचारत नाही. मला या धाग्यावर बोलायचंय ते नेमकं याबद्दल.

तुमचे अनुभव लिहा. विरोधी मतंही हवीत.

घाटमाथा

पारिजातक, लेख आवडला, पण दुसरी बाजू मांडतो. हिंजवडीत एका आयटी कंपनीत माझी छोटी टीम आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे एमबीटीआयची कार्यशाळा झाली. आमच्यातला एक मुलगा मीटिंगमध्ये तोंड उघडत नसे आणि रात्री लांबलचक मेल पाठवत असे. लोकांना तो तिरसट वाटायचा. कार्यशाळेत तो सगळ्यांसमोर म्हणाला की समोरासमोर पटकन उत्तर देणं मला जड जातं, विचार करायला वेळ मिळाला की मी नीट सांगू शकतो. आता आम्ही विषय आदल्या दिवशी कळवतो आणि तो मीटिंगमध्ये बोलतो.

हे त्या चार अक्षरांशिवाय झालं असतं का? मला नाही वाटत. स्वभावाबद्दल बोलायला आपल्याकडे ऑफिसात भाषाच नसते. "असं का वागतोस?" हा प्रश्न आरोपासारखा लागतो. अक्षरांच्या आडून तेच बोलणं सोपं जातं.

खडीसाखर

घाटमाथा, सहमत. आमच्या घरी सासूबाई आणि माझ्यात असंच झालं. त्यांना सगळं आधी ठरलेलं हवं, मला आयत्या वेळी सुचतं. दोघींना आपापला प्रकार कळल्यावर निदान हे कळलं की समोरची मुद्दाम करत नाहीये.

गणिती

संख्याशास्त्र शिकवतो, म्हणून मोजमापाबद्दल लिहितो.

एमबीटीआयची मुख्य अडचण ती काय मोजते यापेक्षा ती कुठे कापते यात आहे. कुठल्याही मोठ्या गटाची अंतर्मुखता-बहिर्मुखता मोजून आलेख काढला तर दोन टेकड्या दिसत नाहीत, एकच दिसते, आणि तिचा उंचवटा मध्यभागी असतो. म्हणजे बहुतेक माणसं मधली. आता कुणी ठरवलं की साडेपाच फुटांच्या वरचे सगळे "उंच" आणि खालचे सगळे "बुटके", तर पाच फूट साडेपाच इंचवाला आणि पाच फूट साडेसहा इंचवाला वेगवेगळ्या जातीचे ठरतील, आणि सहा फूट चार इंचवाला त्या दुसऱ्याचा भाऊबंद. चार अक्षरांत नेमकं हेच होतं, आणि तेही चार वेळा.

परिणाम उघड आहे. रेषेजवळच्या माणसानं एक-दोन प्रश्नांची उत्तरं निराळी दिली की अक्षर बदलतं. पाच आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली तर निम्म्यापर्यंत लोकांचं निदान एक अक्षर बदललेलं आढळलंय. माणूस पाच आठवड्यांत बदललेला नसतो, फक्त रेषा ओलांडून पलीकडे गेलेला असतो.

दुसरा रस्ता भाषेतून निघाला. १९३६ मध्ये ऑलपोर्ट आणि ओडबर्ट या मानसशास्त्रज्ञांनी इंग्रजीचा जाडजूड शब्दकोश चाळून माणसामाणसांतला फरक सांगणारे जवळजवळ १८ हजार शब्द वेचले. स्वभावातला जो फरक माणसांना रोज जाणवतो त्यासाठी भाषेत शब्द तयार झालेलाच असणार, हा त्यामागचा विचार. मग कॅटेल, १९६१ मध्ये ट्यूप्स आणि क्रिस्टल, पुढे गोल्डबर्ग अशा अनेकांनी ते शब्द गाळत, एकत्र कोणते येतात ते पाहत पाच गठ्ठ्यांपर्यंत आणले. नव्याची ओढ, काटेकोरपणा, बहिर्मुखता, मनमिळाऊपणा आणि भावनिक अस्थिरता. हेच "बिग फाइव्ह". यात प्रकार नाहीत, पाच पट्ट्या आहेत, आणि प्रत्येक माणूस प्रत्येक पट्टीवर कुठेतरी असतो.

१९८९ मध्ये मॅक्रे आणि कोस्टा यांनी दोन्ही पद्धती शेजारी ठेवून पाहिल्या. एमबीटीआयच्या चारही जोड्या या पाचांपैकी चार पट्ट्यांशी बऱ्यापैकी जुळल्या. त्यामुळे घाटमाथा यांचा अनुभव खोटा नाही, ती चाचणी खरोखर काहीतरी पकडते. पण पाचवी पट्टी, भावनिक अस्थिरता, तिच्यात नाहीच. कोण लवकर घाबरतं, कोणाला काळजी पोखरते, हे ती विचारतच नाही. सगळे प्रकार छान म्हटल्यावर ही पट्टी ठेवणार तरी कुठे!

गुळवेल

मी वैद्य आहे. आपल्याकडची वात-पित्त-कफ प्रकृती इथे येणार हे ठाऊक होतं, म्हणून मीच आधी लिहिते.

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या "तुमची प्रकृती ओळखा" चाचण्यांनी प्रकृतीचं पार एमबीटीआय करून टाकलंय. चरकसंहितेत विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात प्रकृतीची लक्षणं येतात ती रुग्णाची परीक्षा कशी करावी या संदर्भात. औषधाची मात्रा किती, कोणता आहार सोसेल, हे ठरवायला. शिवाय एकाच दोषाची प्रकृती विरळ, बहुतेकांची दोन दोषांची मिश्र, हे आम्हाला पहिल्यापासून शिकवतात. माझ्याकडे येऊन कुणी म्हणतं, "मी पित्ताचा, त्यामुळे रागीट, माझा इलाज नाही," तेव्हा मी सांगते की प्रकृती सांगायचा हेतूच इलाज शोधणं हा होता.

यावर आधुनिक संशोधनही सुरू आहे. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेनं इतर संस्थांबरोबर केलेलं एक काम २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात ३,४१६ जणांची प्रकृती तपासून, ज्यांच्यात एकच दोष ठळक आहे असे फक्त २६२ पुरुष जनुकीय अभ्यासासाठी निवडले होते. काही जनुकीय फरक प्रकृतीशी जुळताना दिसले. पण ते काम शरीराच्या जडणघडणीबद्दल आहे. त्यावरून कुणाच्या रागाला वा आळसाला जनुकीय दाखला मिळत नाही. आणि ३,४१६ मधून २६२ च उरले हेही लक्षात ठेवावं, कारण ठळक एकदोषी माणूस किती दुर्मीळ ते त्यातून दिसतं.

तामागावा

गणिती आणि गुळवेल, दोघांचेही प्रतिसाद साठवून ठेवले.

मी बारा-पंधरा वर्षं जपानात राहते. इथे स्वभाव रक्तगटावरून ओळखतात. ओळख झाल्यावर गप्पांत सहज विचारतात, "तुझा रक्तगट कोणता?" ए म्हणजे नीटनेटका आणि काळजी करणारा, बी म्हणजे मनस्वी, स्वतःचंच खरं करणारा, ओ मोकळा, एबी गूढ. ताकेजी फुरुकावा या शिक्षकानं १९२७ मध्ये हे मांडलं, आणि १९७१ मध्ये मासाहिको नोमी यांच्या पुस्तकानं ते घराघरात पोचवलं. माझा गट बी. आपल्याकडे बी गटाची माणसं भरपूर, जपानात मात्र ती पाचातली एक. माझ्या मुलाचाही तोच. तो शाळेत हट्ट करतो तेव्हा इतर आया सहज म्हणतात, "बी ना, असंच असतं." त्यांच्या मनात वाईट काही नसतं, पण मुलगा भुकेला आहे की भाषेमुळे वैतागलाय, हे मग कुणी पाहत नाही. पारिजातक म्हणतात ते वर्तुळ मी रोज बघते.

२०१४ मध्ये नावाता या जपानी संशोधकानं जपान आणि अमेरिकेतल्या दहा हजारांहून जास्त लोकांची माहिती तपासली. ६८ पैकी ६५ प्रश्नांत रक्तगटानुसार काहीच फरक दिसला नाही, आणि उरलेल्या तिनांत नगण्य. तरी प्रथा चालूच आहे. इथे "रक्तगटावरून होणारा छळ" यासाठी रूढ शब्द आहे, एवढं सांगितलं तर पुरे.

मघा

तामागावा, तुमचं वाचून राहवलं नाही. तुमच्याकडे रक्तगट, आमच्याकडे गण.

पत्रिका जुळवताना ३६ पैकी ६ गुण गणाचे. सत्तावीस नक्षत्रांचे नऊ-नऊ करून तीन गट: देव, मनुष्य, राक्षस. माझं नक्षत्र मघा, म्हणून मी राक्षसगणी. वीस-बाविसाव्या वर्षी लोकांच्या दिवाणखान्यात बसून मी ऐकलंय की "मुलगी छान आहे, पण राक्षसगण, म्हणजे तापट असणार". त्या माणसांनी मला अर्धा तासही पाहिलेलं नव्हतं. मी वाद घातला तर "बघा, तापट आहे", गप्प बसले तर "आतल्या गाठीची दिसते". मैत्रिणीच्या घरी तर वेगळी पत्रिका करून घेतली होती, गण बदलून. स्वभावाचा प्रकार जेव्हा दुसरा कुणी लावतो आणि दार बंद करायचा अधिकारही त्याच्याकडे असतो, तेव्हा त्याला स्वतःला ओळखण्याचं साधन म्हणता येत नाही.

पत्रिकेतून माणूस कळतो का याची परीक्षा आपल्या महाराष्ट्रातच झाली आहे. २००८ मध्ये जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी ती घेतली. शंभर हुशार मुलं आणि शंभर मतिमंद मुलं यांच्या पत्रिका जमवल्या, प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या चाळीस दिल्या आणि कोणती कोणाची ते विचारलं. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. बरोबर उत्तरांचं प्रमाण सुमारे ४६ टक्के, म्हणजे नाणं उडवूनही मिळालं असतं तेवढं. बुद्धीतला इतका ठळक फरक जिथे दिसला नाही, तिथे माझा तापटपणा कुठून दिसला?

घाटमाथा

मघा, वाचून वाईट वाटलं. पण एमबीटीआय आणि पत्रिका एकाच पारड्यात नकोत. एकात माणूस स्वतः उत्तरं देतो, दुसऱ्यात जन्मवेळ.

मघा

फरक मान्य आहे, दादा. पण तुमच्या त्या मुलाला उद्या ग्राहकासमोर न्यायची वेळ आली आणि कुणी म्हणालं "तो आय, म्हणजे अंतर्मुख आहे, त्याला नको", तर? तेव्हा त्याच्यापुरतं दोन्ही सारखंच.

पाटीपेन्सिल

नंदुरबार जिल्ह्यात धडगावच्या भागात शिक्षक आहे. नेटवर्क मिळेल तसं वाचतोय. मला या धाग्यात थोडी निराळी गोष्ट मांडायची आहे.

माझ्या वर्गातली बरीच मुलं घरी पावरी बोलतात. पहिली-दुसरीत ती गप्प असतात. प्रशिक्षणाला आलेल्या एका पाहुण्यांनी वर्ग पाहून नोंद केली होती, "मुले अंतर्मुख व लाजाळू." मला ते फार लागलं. कारण त्यातलीच एक मुलगी आठवडी बाजारात आईशेजारी बसून आमचूर विकते, मोठ्या माणसांशी घासाघीस करते, हिशेब तोंडी करते. तिचा स्वभाव बाजारात एक आणि शाळेत दुसरा असं नाही. शाळा तिच्याशी तिला न येणाऱ्या भाषेत बोलते, एवढंच. मी पावरीतून गोष्ट सांगायला सुरुवात केली की हात वर व्हायला लागतात.

हे जुनं शहाणपण आहे. १९२८ मध्ये हार्टशॉर्न आणि मे यांनी अमेरिकेत हजारो शाळकरी मुलांचा प्रामाणिकपणा तपासला. एका ठिकाणी फसवणारं मूल दुसऱ्या ठिकाणी फसवतंच असं नाही, असं दिसलं. चाळीस वर्षांनी, १९६८ मध्ये, मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी हाच मुद्दा लावून धरला: स्वभावाच्या मोजमापावरून एखाद्या प्रसंगातलं वागणं फार कमी ओळखता येतं, प्रसंग कोणता हे पाहावंच लागतं. नंतर त्यावर बरेच वाद झाले. खूप प्रसंगांची सरासरी घेतली तर स्वभाव दिसतो, हेही सिद्ध झालं, आणि ते मला मान्य आहे. पण शाळेत आपल्यासमोर सरासरी नसते, एक मूल असतं आणि एक प्रसंग असतो.

गप्प बसण्यामागे भाषा असते, भीती असते, रिकामं पोट असतं, आधी झालेला अपमान असतो, आणि हो, कधी स्वभावही असतो. स्वभाव शेवटी तपासावा. आपण तो सगळ्यात आधी धरतो, कारण तो धरला की आपल्याला काही बदलावं लागत नाही.

गणिती

पाटीपेन्सिल सर, शेवटचा परिच्छेद पुन्हा पुन्हा वाचला.

पारिजातक

सगळ्यांचे मनापासून आभार. सर, तुमचा प्रतिसाद मी आमच्या विभागात वाचून दाखवणार आहे.

"चाचणीत माझं अगदी तंतोतंत वर्णन आलं" असं व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) तिघाचौघांनी कळवलंय, म्हणून एक प्रयोग सांगते. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर या मानसशास्त्राच्या प्राध्यापकानं आपल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याच्या "खास" स्वभावाचं वर्णन दिलं. ते किती जुळतं याला पाचपैकी गुण द्यायचे होते. सरासरी आली ४.२६. मग कळलं की सगळ्यांना तीच तेरा वाक्यं दिली होती, आणि त्यांतली बरीचशी बाजारातल्या ज्योतिषाच्या पुस्तकातली. एका वाक्याचा आशय असा की तुम्ही कधी मोकळे आणि बोलके असता, तर कधी गप्प आणि सावध. कोण नाही म्हणेल? म्हणून वर्णन पटणं हा पुरावा धरू नका. आपल्या वर्गातल्या, आपल्याशी न पटणाऱ्या मुलाला हे वर्णन लागू पडतं का, हे विचारून पाहा. त्यालाही लागू पडलं तर त्यातून तुमच्याबद्दल विशेष काहीच कळलेलं नाही.

घाटमाथा, तुमच्या टीममध्ये जे झालं ते खरंच चांगलं झालं. मला वाटतं ते घडवलं त्या मुलाच्या वाक्यानं, "मला वेळ लागतो" या. अक्षरांनी त्याला ते बोलायची संधी दिली, हे श्रेय त्यांचं. तेवढ्यावर थांबायला हवं. कामावर घेताना वा निवड करताना एमबीटीआय वापरू नये, असं ती चाचणी विकणारी कंपनी स्वतःच सांगते. हे तुमच्या एचआरला जरूर कळवा, मघाताईंची शंका तिथे मिटेल.

घाटमाथा

हे माहीत नव्हतं. उद्याच बोलतो. आमच्याकडे बढतीच्या फॉर्मवर तो रकाना आहे.

आंबेमोहोर

मुलगी दहावीत आहे, म्हणून विचारते. एका संस्थेनं तिच्या स्वभावाची चाचणी घेऊन "विज्ञान शाखा अनुकूल नाही" असं लिहून दिलंय. तिला जीवशास्त्र आवडतं. अहवाल वाचल्यापासून ती गप्प आहे. काय करू?

पारिजातक

आंबेमोहोरताई, अहवाल बाजूला ठेवा, आणि तिच्यासमोरच ठेवा.

कल आणि स्वभाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१६ पासून काही वर्षं आपल्या राज्यात दहावीच्या मुलांची कलचाचणी होत असे, तिचा हेतू मुलांना कशात रस आहे हे पाहण्याचा होता. स्वभावाच्या चाचणीवरून एखादी शाखा झेपणार नाही असं सांगणं मात्र कोणत्याही चाचणीच्या आवाक्याबाहेरचं आहे. त्यांनी कोणत्या उत्तरांवरून तो निष्कर्ष काढला, ते लेखी मागा. तो तुमचा हक्क आहे.

दुसरं, पंधराव्या वर्षीचा स्वभाव म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. जुळ्यांच्या अभ्यासांवरून स्वभावातल्या फरकांचा साधारण निम्मा भाग आनुवंशिक दिसतो, पण आनुवंशिक म्हणजे गोठलेला नव्हे. वर्षानुवर्षं त्याच माणसांचा मागोवा घेणारे ९२ गट एकत्र करून २००६ मध्ये झालेल्या विश्लेषणात दिसलं की वयाबरोबर, विशेषतः विशी ते चाळिशीत, माणसं सरासरीनं अधिक काटेकोर आणि मनानं स्थिर होत जातात. तुमच्या मुलीचा हा प्रवास अजून सुरूही झालेला नाही.

तिला विचारा की जीवशास्त्रात नेमकं काय आवडतं. झाडं, प्राणी, शरीर, प्रयोगशाळा, की शिकवणाऱ्या बाई? तिचं उत्तर मला व्यनि करा. आमच्या महाविद्यालयातल्या जीवशास्त्राच्या प्राध्यापिकांशी बोलून एक दिवस तिला प्रयोगशाळा दाखवायची सोय करते. येत्या शनिवारी जमेल का?